मुरुमांवरचं लेझर खरंच काम करतं का, हे तपासतात कसं?

इन्स्टावरची रील ठरलेली असते. पहिल्या फोटोत गालभर लाल मुरुम, मग स्क्रीनवर ‘सेशन १, सेशन २, सेशन ३’ आणि शेवटी एकही डाग नसलेला चेहरा. कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘एफडीए अप्रूव्ह्ड’. खाली कमेंटमध्ये दोनच प्रश्न असतात, किंमत किती आणि क्लिनिक कुठे. तिसरा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही: हा फरक यंत्रामुळेच पडला, हे कळलं कसं?

प्रश्न साधा वाटतो. पण त्याच्या मागे निदान वीस वर्षांचं संशोधन आहे, एकमेकांना खोटं पाडणाऱ्या दोन चाचण्या आहेत आणि आजही पूर्ण न मिटलेला एक वाद आहे.

आधी मुरुम म्हणजे काय ते बघू

केसाच्या मुळाशी एक छोटी तेलग्रंथी असते. ती सीबम नावाचा तेलकट पदार्थ सोडते. वयात येताना हार्मोन्समुळे या ग्रंथी मोठ्या होतात आणि तेल वाढतं. त्याच वेळी छिद्राच्या तोंडाशी मेलेल्या पेशी साचून बूच बसतं. आत अडकलेल्या तेलावर क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हा जिवाणू पोसला जातो आणि शरीर त्याच्याशी भांडायला लागलं की सूज, लाली, पू असं सगळं सुरू होतं.

या साखळीत सर्वांत जोरदार घाव घालणारं औषध १९८२ साली अमेरिकेत मंजूर झालं, ते म्हणजे आयसोट्रेटिनॉइन. ते तेलग्रंथीच आक्रसून टाकतं. औषध जबरदस्त आहे, पण गरोदरपणात घेतलं तर बाळात गंभीर व्यंग निर्माण होऊ शकतं. ओठ फुटणं, त्वचा कोरडी पडणं हे जवळपास सगळ्यांनाच होतं, रक्ततपासण्याही कराव्या लागतात. साहजिकच त्वचारोगतज्ज्ञांच्या डोक्यात एक विचार घोळत राहिला. गोळी पोटात न घेता फक्त चेहऱ्यावरच्या तेलग्रंथी शांत करता आल्या तर?

लेझर नेमकं कशाला तापवतं?

भर दुपारी काळा शर्ट घालून बाहेर पडलं की पांढऱ्या शर्टापेक्षा जास्त चटका बसतो. ऊन तेच, पण काळा रंग ते जास्त शोषून घेतो. १९८३ साली रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश या बोस्टनमधल्या दोन डॉक्टरांनी हेच तत्त्व त्वचेला लावलं. योग्य रंगाचा, म्हणजे योग्य तरंगलांबीचा प्रकाश अगदी थोडा वेळ टाकला, तर त्वचेतली हवी ती एकच गोष्ट तापवता येते आणि आजूबाजूचं सुरक्षित राहतं, असं त्यांनी मांडलं. टॅटू काढणं आणि केस काढणं ही आजची लेझर दुकानदारी याच कल्पनेवर उभी आहे.

तेलग्रंथीची अडचण अशी की तिला स्वतःचा गडद रंग नाही. त्वचेत सगळीकडे पाणी, आणि इन्फ्रारेड प्रकाश पाण्यालाच आधी तापवतो. मग असा प्रकाश शोधायचा, जो तेलात पाण्यापेक्षा जास्त शोषला जाईल. २००६ मध्ये अँडरसन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या जेफरसन लॅबमधलं एक अवाढव्य लेझर वापरून दाखवलं की १२१० आणि १७२० नॅनोमीटरच्या आसपास अशी संधी आहे. पुढे त्यातली दुसरी जागा तेलग्रंथीसाठी निवडली गेली. हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही आणि त्वचेच्या काळ्या-सावळ्या रंगद्रव्यात, म्हणजे मेलॅनिनमध्ये, तो फारसा शोषला जात नाही. भारतीयांसाठी ही दुसरी गोष्ट महत्त्वाची आहे, तिच्याकडे पुढे येऊच.

२०२२ च्या मार्चमध्ये १७२६ नॅनोमीटरवर चालणारं ‘एव्हीक्लिअर’ हे यंत्र अमेरिकी एफडीएच्या हिरव्या कंदिलापर्यंत पोहोचलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ‘ॲक्युअर’ हे दुसरं यंत्र आलं. प्रयोगशाळेतल्या कल्पनेपासून क्लिनिकपर्यंत यायला पंधरा-सोळा वर्षं लागली.

मुरुम हा आजार चाचणीला त्रास देणारा आहे

रक्तातली साखर मशिनवर मोजता येते. मुरुम मोजायला अजूनही माणूसच लागतो. चाचणीत डॉक्टर कपाळ, गाल, हनुवटी असे भाग पाडून लाल सुजलेले वेगळे आणि ब्लॅकहेड-व्हाइटहेड वेगळे मोजतो. शिवाय एकूण चेहऱ्याला ० ते ४ असा एक गुण देतो. ० म्हणजे स्वच्छ, १ म्हणजे जवळपास स्वच्छ, ४ म्हणजे तीव्र. औषधाच्या चाचणीत एफडीएची अपेक्षा अशी असते की गुण किमान दोन पायऱ्यांनी उतरून ० किंवा १ वर यावा आणि मोजलेले मुरुमही कमी व्हावेत. नुसतं ‘बरंच कमी झालं हो’ चालत नाही.

खरी गंमत मात्र मोजणीनंतर सुरू होते, कारण मुरुम आपोआप कमी-जास्त होत असतात. कुणालाही विचारा, परीक्षेच्या आधी वाढतात, पाळीच्या आधी वाढतात, सुट्टीत कमी होतात. आणि माणूस डॉक्टरकडे जातो कधी? चेहरा सर्वांत वाईट दिसत असतो तेव्हा. म्हणजे ‘बिफोर’चा फोटो निघतो तो बहुतेक वेळा सर्वांत वाईट दिवसाचा. त्यानंतर काहीच केलं नाही तरी काही आठवड्यांत फोटो थोडा बरा येण्याची शक्यता मोठी असते. त्यात चाचणीत सहभागी झालेला माणूस तोंड नीट धुतो, मुरुम फोडणं थांबवतो, जेलही वेळेवर लावतो. त्याचाही फरक पडतो.

हा फरक किती मोठा असू शकतो याचं एक स्वच्छ उदाहरण आहे. क्लॅस्कोटेरॉन नावाच्या क्रीमला २०२० मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. त्यासाठी १,४४० जणांवर दोन चाचण्या झाल्या. काहींना औषधी क्रीम दिलं, काहींना औषध नसलेलं तसंच दिसणारं क्रीम. १२ आठवड्यांनी औषधी गटातले १८.४ टक्के आणि दुसऱ्या चाचणीत २०.३ टक्के लोक यशस्वी ठरले. नुसतं क्रीम लावणाऱ्यांत हा आकडा ९ आणि ६.५ टक्के होता. औषध लावलंच नव्हतं, तरी इतक्या जणांचा चेहरा स्वच्छ किंवा जवळपास स्वच्छ झाला! शेजारी हा दुसरा गट नसता, तर ते सगळं श्रेय औषधाच्या खात्यावर जमा झालं असतं.

खोटं लेझर कसं द्यायचं?

गोळीची चाचणी करताना तशाच रंगाची साखरेची गोळी देता येते. लेझरचं काय करणार? ते चटका देतं, गार वारा किंवा थंड काच लावतं, आवाज करतं, नंतर गाल लाल होतात. काही झालंच नाही, हे माणसाला लगेच कळेल.

तरी युक्त्या आहेत. यंत्र चेहऱ्याला लावायचं, थंडावा द्यायचा, आवाज करायचा, पण ऊर्जा सोडायचीच नाही. डोळ्यांवर संरक्षक कवच असतंच, त्यामुळे दिसत काही नाही. यंत्र चालवणाऱ्या डॉक्टरला खरं-खोटं माहीत असतं, म्हणून मुरुम मोजणारा डॉक्टर दुसरा ठेवायचा. चांगल्या चाचणीत शेवटी सहभागींनाच विचारतात, ‘तुम्हाला खरं लेझर मिळालं असं वाटतं का?’ बहुतेकांचा अंदाज बरोबर निघाला तर समजायचं की लपवालपवी फसली.

दुसरा मार्ग म्हणजे अर्धा चेहरा. डाव्या गालावर लेझर, उजवा तसाच. बाजू चिठ्ठी टाकून ठरवायची. यात हार्मोन, झोप, खाणं, साबण सगळं सारखं राहतं, कारण माणूस एकच. कमी लोकांत काम भागतं. हा मार्ग ऐकायला बिनतोड वाटतो, पण त्याचाही घोळ झालेला आहे.

लंडनचं ‘हो’ आणि मिशिगनचं ‘नाही’

ऑक्टोबर २००३. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लंडनच्या डॉक्टरांची चाचणी छापून आली. पल्स्ड डाय लेझर नावाचं ५८५ नॅनोमीटरचं पिवळं लेझर. मुरुम असलेले ४१ प्रौढ लोक, त्यांपैकी ३१ जणांना खरं लेझर, १० जणांना खोटं. कुणाला काय मिळालं हे ना सहभागींना माहीत, ना मोजणाऱ्यांना. १२ आठवड्यांनी खऱ्या गटात एकूण मुरुम ५३ टक्क्यांनी घटले, खोट्या गटात ९ टक्क्यांनी. तेही एकाच सेशननंतर. बातम्या झाल्या, आशा वाढली.

जून २००४. ‘जामा’ या तितक्याच वजनदार नियतकालिकात मिशिगन विद्यापीठाची चाचणी आली. लेझर त्याच प्रकारचं, त्याच तरंगलांबीचं. ४० जण, प्रत्येकाच्या अर्ध्या चेहऱ्यावर एक किंवा दोन वेळा लेझर, उरलेला अर्धा तसाच. १२ आठवड्यांनी दोन्ही बाजूंत लक्षात घेण्याजोगा फरकच नाही.

एवढी तफावत कशी? एक शक्यता अशी की अर्धा चेहरा हा मुळात निर्दोष आरसा नाही. लेझरमुळे त्वचेत सूज कमी करणारे रासायनिक संदेश सुटत असतील आणि ते उजव्या गालापर्यंत पोहोचत असतील, तर दोन्ही बाजू सुधारतील आणि तुलनेत फरक शून्य दिसेल. दुसरी शक्यता लंडनच्या बाजूची: खोट्या गटात फक्त १० माणसं होती. इतक्या लहान गटात दोघा-तिघांचे मुरुम वाढले तरी सगळं चित्र पालटतं. मिशिगनची स्वतःची अडचणही होतीच, ४० पैकी २६ जणच शेवटपर्यंत टिकले. जे गेले त्यांची शेवटची मोजणी पुढे तशीच धरून हिशेब केला गेला. ही पद्धत मान्य आहे, पण गेलेली माणसं का गेली, हे ती सांगत नाही. मुरुम गेले म्हणून की कंटाळा आला म्हणून?

दोन्ही चाचण्या प्रामाणिक, दोन्ही मोठ्या नियतकालिकांत, आणि उत्तरं उलटी. ‘स्टडीमध्ये सिद्ध झालंय’ म्हणणाऱ्याला ‘कुठल्या?’ असं विचारायला हरकत नाही, ती यासाठी.

पुढे २०१६ मध्ये कॉक्रेन या संस्थेने मुरुमांवरच्या प्रकाश-उपचारांच्या ७१ चाचण्या एकत्र तपासल्या. सहभागी ४,२११. एवढ्या ढिगातून निघालेला निष्कर्ष असा की दर्जेदार पुरावा कमीच आहे. चाचण्या छोट्या, थोड्या दिवसांच्या आणि प्रत्येकाची मोजण्याची पद्धत वेगळी. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकन ॲकॅडमी ऑफ डर्माटॉलॉजीची नवी मार्गदर्शक तत्त्वं आली, त्यांतही लेझर आणि प्रकाश-यंत्रांबाबत शिफारस करण्याइतका पुरावा नाही, असंच म्हटलं आहे. हे उपचार कुचकामी आहेत असा याचा अर्थ नाही. ठामपणे काही सांगता येत नाही, एवढाच आहे.

मग १७२६ नॅनोमीटरचं काय?

इथे प्रकरण जरा वेगळं आहे, कारण हे लेझर थेट तेलग्रंथीवर नेम धरतं. एव्हीक्लिअरच्या मुख्य चाचणीत अमेरिकेतल्या ७ केंद्रांवर मध्यम ते तीव्र मुरुमांचे १०४ जण होते. साधारण तीन-तीन आठवड्यांच्या अंतराने तीन सेशन. शेवटच्या सेशननंतर ४ आठवड्यांनी, किमान निम्मे सुजलेले मुरुम गेलेल्यांचं प्रमाण सुमारे ३३ टक्के. १२ आठवड्यांनी सुमारे ८०. २६ आठवड्यांनी सुमारे ८७.

आकडे भारी आहेत. पण इथेही दोन गोष्टी नीट वाचायला हव्यात.

पहिली, ८७ टक्के लोकांचे मुरुम ‘गेले’ असं हा आकडा म्हणत नाही. त्यांचे किमान अर्धे सुजलेले मुरुम कमी झाले, एवढंच म्हणतो. चाळीसचे वीस झाले तरी तो माणूस या ८७ मध्ये मोजला जातो. चेहरा स्वच्छ किंवा जवळपास स्वच्छ झालेले २६ आठवड्यांनी सुमारे ४२ टक्के होते. रीलमध्ये पहिला आकडा दिसतो, दुसरा नाही.

दुसरी, या चाचणीत तुलनेसाठी गटच नव्हता. सगळ्या १०४ जणांना खरं लेझर मिळालं आणि सगळ्यांना ते माहीत होतं. मग क्लॅस्कोटेरॉनच्या २० टक्क्यांपेक्षा हे ४२ टक्के सरस, असं म्हणायचं का? नाही. तिथे औषधाचा खरा वाटा शेजारच्या गटामुळे कळला, इथे तो वेगळा काढताच येत नाही. लेझरच्या बाजूने एक मुद्दा जरूर आहे. सुधारणा महिन्यामहिन्याने वाढत गेली आणि सहा महिन्यांनीही टिकली होती. मध्यम-तीव्र मुरुम इतक्या जणांत आपोआप इतके ओसरणं अवघड. म्हणजे काहीतरी होतंय, असं मानायला जागा आहे. किती होतंय, हे खोट्या लेझरच्या गटाशिवाय सांगता येणार नाही.

‘एफडीए अप्रूव्ह्ड’ म्हणजे नक्की काय?

आपल्याकडे एफडीए म्हटलं की दिवाळीच्या तोंडावर भेसळीच्या खव्यावर छापे टाकणारं राज्याचं अन्न व औषध प्रशासन आठवतं. रीलमधली एफडीए ती नाही, अमेरिकेची आहे. आणि तिनेही या लेझरना औषधासारखी ‘मंजुरी’ दिलेली नाही, ‘क्लिअरन्स’ दिलेला आहे. फरक शब्दांचा वाटतो, पण मोठा आहे.

नवीन औषधाला सहसा मोठ्या, तुलनात्मक चाचण्यांतून जावं लागतं. मध्यम धोक्याच्या यंत्राला बहुतेकदा ‘फाइव्ह टेन के’ नावाचा रस्ता मिळतो. त्यात दाखवायचं असतं ते हे की बाजारात आधीच असलेल्या एखाद्या यंत्राशी हे पुरेसं मिळतंजुळतं आहे, तितकंच सुरक्षित आणि तितकंच परिणामकारक. म्हणूनच एका गटाच्या चाचणीवर काम भागू शकतं. यात काही बेकायदा नाही. पण ‘सरकारने सिद्ध करून दिलंय’ असा अर्थ काढणं चूक आहे. भारतात वापरायचं तर इथल्या नियमांची वेगळी परवानगी लागते, ती अमेरिकेच्या शिक्क्याने आपोआप मिळत नाही.

बाजारात आल्यावरही चाचणी संपत नाही, हे एका मुखवट्याने शिकवलं. न्यूट्रोजिनाने २०१६ मध्ये घरी वापरायचा निळ्या-लाल प्रकाशाचा मुखवटा आणला. जुलै २०१९ मध्ये कंपनीने तो स्वतःहून परत मागवला. डोळ्यांचे काही विशिष्ट आजार असलेल्यांना, किंवा डोळे प्रकाशाला जास्त संवेदनशील करणारी औषधं घेणाऱ्यांना इजा होण्याची शक्यता आहे, असं कारण दिलं. धोका थोड्याच लोकांना होता, पण हजारो लोक वापरायला लागल्याशिवाय असे थोडके लोक समोर येत नाहीत. १०४ जणांच्या चाचणीत ते सापडतीलच असं नाही. आज ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त एलईडी मुखवट्यांवर तर तरंगलांबीही धड लिहिलेली नसते.

मुरुमांसाठी सर्रास लिहून दिली जाणारी डॉक्सिसायक्लिनची गोळी त्वचेला प्रकाशाबाबत संवेदनशील करते. ती चालू असताना कुठल्याही प्रकाश-यंत्रासमोर बसण्याआधी डॉक्टरांना सांगणं गरजेचं आहे.

सावळ्या त्वचेचा हिशेब वेगळा

त्वचा उन्हात किती भाजते आणि किती काळवंडते यावरून फिट्झपॅट्रिक मोजपट्टीवर तिचे १ ते ६ प्रकार करतात. बहुतेक भारतीय ४ आणि ५ मध्ये येतात. अशा त्वचेत मुरुम बरा झाला तरी मागे काळा डाग राहतो आणि तो कित्येक महिने जात नाही. अनेकांना मुरुमापेक्षा त्याचाच जास्त मनस्ताप होतो.

लेझरने त्वचा भाजली तर असाच डाग पडू शकतो. जुन्या, मेलॅनिनमध्ये शोषल्या जाणाऱ्या प्रकाशाच्या यंत्रांत हा धोका जास्त. १७२६ नॅनोमीटरमध्ये तो कमी असायला हवा आणि एव्हीक्लिअरच्या चाचणीत प्रकार २ ते ६ ची त्वचा घेतली होती, गंभीर दुष्परिणाम नोंदले गेले नाहीत. हे चांगलंच आहे. पण एकूण माणसं १०४, त्यात सावळ्या-काळ्या त्वचेची त्याहून कमी. म्हणून क्लिनिकमध्ये विचारायचा प्रश्न ‘गोऱ्या मुलीचा रिझल्ट दाखवा’ हा नसून ‘माझ्यासारख्या रंगाच्या किती जणांवर वापरलंय आणि किती जणांना डाग पडले?’ हा आहे.

तुम्हालाच चाचणीसाठी विचारलं तर?

मेडिकल कॉलेजच्या त्वचारोग विभागात कधी कधी असं विचारलं जातं. आधी शब्दांचा गोंधळ काढू. पार्लर किंवा क्लिनिक ‘पहिलं ट्रायल सेशन अर्ध्या किमतीत’ म्हणतं, ती जाहिरात आहे. क्लिनिकल ट्रायल ही वेगळी गोष्ट. तिथे संशोधनासाठी जे काही केलं जातं त्याचा खर्च सहभागी माणसावर टाकायचा नाही, असं आयसीएमआरची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. ‘चाचणी आहे’ म्हणून पैसे मागितले, तर तिथेच थांबा.

भारतात २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम लागू आहेत. नव्या, अजून मान्यता नसलेल्या उपकरणाची माणसांवर चाचणी करायला केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेची, म्हणजे सीडीएससीओची परवानगी लागते, शिवाय नीतिमत्ता समितीची. संमतीपत्र तुम्हाला समजेल अशा भाषेत हवं. इंग्रजी कागद पुढे सरकवला तर मराठी मागायला लाजू नका. १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती लागते, आणि मूल सात वर्षांवरचं असेल तर त्याचा स्वतःचा होकारही. मुरुमांच्या चाचणीत हे वारंवार लागू पडतं, कारण निम्मे पेशंट शाळा-कॉलेजातलेच. मध्येच बाहेर पडता येतं, कारण न देता. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई ही चाचणी करवून घेणाऱ्याची जबाबदारी.

सही करण्याआधी एक गोष्ट फोनवरच तपासता येते. क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री, इंडिया ही सरकारी नोंदवही २००७ पासून सगळ्यांसाठी खुली आहे. नोंदणी क्रमांक ‘सीटीआरआय’ या अक्षरांनी सुरू होतो, पुढे वर्ष आणि महिना असतो. तो टाकला की पैसे कोण देतंय, किती माणसं घेणार आणि यश कशाला म्हणणार हे सगळं दिसतं. तिथे तुलना कशाशी आहे आणि ‘ब्लाइंडिंग’च्या रकान्यात काय लिहिलंय, हे दोन तपशील आधी बघा. ‘ओपन लेबल’ लिहिलं असेल तर कुणाला काय मिळतंय हे सगळ्यांना माहीत असणार. मोजणारा डॉक्टर तरी वेगळा ठेवलाय का, हे मग विचारून घ्या.